कंपन्यांची सोशल मीडियावरची दोस्ती खरी असू शकते का?

शब्दांकिता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडते. इथे जाहिरात, बँक, बागायत, ग्राहक चळवळ अशा सगळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, तेव्हा मतांबरोबर उदाहरणंही द्या ही विनंती.

मी पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेत लिहिण्याचं काम करते. काही कंपन्यांची इन्स्टाग्राम आणि एक्सवरची हँडल आमच्या टीमकडे असतात. पहिल्या पावसाला भज्यांची आठवण काढणारी, मॅच हरल्यावर तुमच्याबरोबर हळहळणारी जी 'मैत्रीण' तिथे बोलते, ती मी असते, नाहीतर माझ्या शेजारी बसणारा मुलगा असतो. महिन्याचं कंटेंट कॅलेंडर आधीच्या महिन्यात तयार होतं, क्लायंटचं अप्रूव्हल येतं, मग पोस्ट जाते. आयत्या वेळी काही घडलं तर मोमेंट मार्केटिंग म्हणून तासाभरात काहीतरी उभं करायचं, पण तेही वरून कुणीतरी 'ओके' म्हटल्यावरच.

यात मला वावगं काही वाटत नाही. जाहिरात आहे हे लोकांना कळतं. खुपतं ते पोस्टच्या खाली. तिथे लोक तक्रारी लिहितात: फ्रिज कधीपासून बंद आहे, मेकॅनिक येतो म्हणतो आणि येत नाही. त्याला उत्तर मी देत नाही. ते काम ओआरएम (ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट, म्हणजे कंपनीचं ऑनलाइन नाव सांभाळणाऱ्या) टीमचं, आणि ती टीम बऱ्याचदा दुसऱ्या शहरात, वेगळ्या कंत्राटावर असते. त्यांच्याकडे तयार उत्तरांची फाइल असते. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया तुमचा नंबर डीएम करा. नंबर मिळाला की तक्रार कंपनीच्या तिसऱ्याच यंत्रणेत जाते आणि पुढे तिचं काय झालं हे उत्तर लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. आमच्या मासिक रिपोर्टमध्ये किती मिनिटांत उत्तर दिलं याचा रकाना असतो. फ्रिज चालू झाला का, हा रकाना मी अजून एकाही रिपोर्टमध्ये पाहिलेला नाही.

त्यामुळे माझं मत असं झालंय की ब्रँड म्हणून जे काही असतं ते सोशल होऊ शकत नाही. आतली माणसं होऊ शकतात, पण त्यांच्या हातात काही अधिकार असेल तरच. पैसे परत करण्याचा, माणूस पाठवण्याचा, निदान 'चूक आमची आहे' एवढं वकिलाला न विचारता लिहिण्याचा. तुम्हाला काय वाटतं?

जुना_होर्डिंगवाला

अधिकाराचा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो सोशल मीडियाच्या कितीतरी आधीचा आहे. अमूलचं उदाहरण घ्या. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी घडवली. पुढे चालू घडामोडींवरची होर्डिंग्ज सुरू झाली, ती आजतागायत चालू आहेत. राजकारण, क्रिकेट, सिनेमा, काही सोडलं नाही. हे जमलं याचं मोठं श्रेय अमूलचे प्रमुख डॉ. वर्गीस कुरियन यांना जातं. प्रत्येक जाहिरात मंजुरीसाठी अमूलच्या मुख्यालयात आणंदला पाठवायची गरज नाही, अशी मोकळीक त्यांनी एजन्सीला दिली होती. मंजुरीची साखळी असती तर घडून गेलेल्या गोष्टीवर लगेच बोलणारं होर्डिंग लागलंच नसतं. जयंत राणे यांच्यासारखा चित्रकार वर्षानुवर्षं तीच मुलगी काढतो आणि ती शिळी वाटत नाही, त्यामागेही हा विश्वास आहे.

तुमच्या पिढीला साधनं पुष्कळ मिळाली, ही मोकळीक मात्र कमी झाली. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं.

हिरवा_चाफा

काका, अमूलबद्दल प्रेम मलाही आहे, पण होर्डिंग बोलतं, ऐकत नाही. शब्दांकिता विचारतेय ते ऐकण्याबद्दल.

आणि मुळात मला कंपनीशी दोस्ती कशाला हवी? मला बिस्किट कुरकुरीत हवं, पावती बरोबर हवी, वॉरंटीत लिहिलंय ते मिळायला हवं. दोस्तीचं सोंग आलं की त्याच्या आड बाकीचं खपवलं जातं. २०२१ ची गोष्ट. टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकलं आणि अनेक ब्रँड्सनी आपापल्या लोगोसकट तिचं अभिनंदन केलं. तिचा त्यांच्याशी कसलाही करार नव्हता. तिचं काम पाहणाऱ्या बेसलाइन व्हेंचर्सने त्यातल्या बऱ्याच जणांना कायदेशीर नोटिसा धाडल्या. मला ते शंभर टक्के योग्य वाटलं. अभिनंदन करायचं तर ते तिचं हवं होतं. तिचा फोटो आणि कोपऱ्यात आपला माल, ही फुकटची जाहिरात झाली. त्या मुलीने कोर्टवर घाम गाळायचा आणि ज्यांनी तिच्यासाठी रुपया खर्चला नाही त्यांनी आनंदात भागीदारी सांगायची, हे मला सहन होत नाही.

मालाडकर

हिरवा चाफा, सिंधूच्या बाबतीत सहमत. पण सगळंच सोंग असतं असं नाही. झोमॅटोच्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा.

जुलै २०१९. जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि ते ट्विटरवर जाहीर केलं. कंपनीने अन्नाला धर्म नसतो असं उत्तर दिलं. संस्थापक दीपिंदर गोयल यांनी आमच्या मूल्यांच्या आड येणारा धंदा गेला तरी खंत नाही अशा अर्थाचं लिहिलं. खूप टाळ्या पडल्या, अ‍ॅप काढून टाकण्याची मोहीमही निघाली. ही बोलण्याची गोष्ट.

दुसरी ऐकण्याची. मार्च २०२४ मध्ये त्यांनी फक्त शाकाहारी जेवणासाठी वेगळा ताफा जाहीर केला, हिरव्या गणवेशातला. लोकांनी लगेच दाखवून दिलं की उद्या सोसायट्या बाकीच्या लाल गणवेशवाल्याला दारातच अडवतील, भाडेकरूने काय मागवलं हे घरमालकाला रंगावरून कळेल, आणि या सगळ्याचा मार रायडर खाईल. दुसऱ्याच दिवशी गोयल यांनी हिरवा रंग मागे घेतला, सगळे लालच घालतील असं सांगितलं, आणि कारण म्हणून रायडरची सुरक्षितता आणि ग्राहकाला घरमालकाकडून होऊ शकणारा त्रास हीच लिहिली. मुंबईत भाड्याने राहिलेल्या कुणालाही ही भीती किती खरी आहे ते सांगावं लागणार नाही. मला २०१९ च्या टाळ्यांपेक्षा ही माघार मोठी वाटते. निर्णय बदलला आणि तोही लोकांनी सांगितलेल्या कारणासाठी बदलला.

रानवाट

मालाडकर, ऐकणं म्हणजे चांगलंच असं धरून चालू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने डोहाळजेवणाची जाहिरात केली होती, मुस्लिम घरातली हिंदू सून. किती प्रेमाने केली होती! त्यावर द्वेषाची लाट आली आणि जाहिरात मागे घेतली गेली. कंपनीने भावना दुखावल्याचा आणि कर्मचारी, भागीदार, दुकानातली माणसं यांच्या हिताचा उल्लेख केला. दुकानात उभ्या असलेल्या सेल्सगर्लचा विचार केला म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. पण जो जास्त ओरडतो त्याचंच ऐकलं जातं, ही गोष्ट त्या दिवशी सगळ्या कंपन्या शिकल्या. ज्यांना ती जाहिरात आवडली होती त्यांचा आवाज मोजायची सोय कुणाकडे होती?

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट मला जास्त आशादायक वाटते. टीव्ही वाहिन्यांवर विखार वाढला होता तेव्हा बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी तीन वाहिन्यांना जाहिराती देणं बंद केल्याचं सांगितलं, आणि विखार पसरवणाऱ्या वृत्तवाहिन्यांवर जाहिरात करणार नाही असं पार्लेनेही जाहीर केलं. त्यात गोड बोलणं काही नव्हतं. पैसा कुठे जाऊ द्यायचा नाही हे ठरवलं. समाजाशी असलेलं नातं मला तिथे दिसतं.

आंबेमोहोर

मी देवगडचा, वडिलांची कलमं आहेत. हंगामात व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरून थेट पेट्या विकतो. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, खाणारा कोण हे आम्हाला ठाऊक नसायचं.

तुमच्या चर्चेतलं 'ऐकणं' आमच्याकडे सक्तीचं आहे, त्याचं कारण साका. बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. काढताना, आढीत घालताना, पेटी भरताना कितीही डोळ्यांत तेल घातलं तरी तो बाहेरून दिसत नाही. म्हणजे माझ्या मालात काय निघालं हे मला गिऱ्हाईकच सांगू शकतं. डोंबिवलीची एखादी वहिनी कापलेल्या फळाचा फोटो पाठवते, तिला पुढल्या गाडीने बदली फळं जातात. त्याला मंजुरी द्यायला मध्ये कुणी नाही. आणि तिने तारीख-वार सांगितला की कुठल्या कलमाचं फळ होतं, किती उन्हात काढलं होतं, हे मी वहीत बघतो. तिच्या फोटोचा मला उपयोग होतो म्हणून मी तो मागून घेतो.

गिऱ्हाईकांशी खोटं बोलायचा मोह होतो तो हंगाम बिघडल्यावर. अवकाळीने मोहोर गेला, फुलकिड्यांनी धरला, तर ग्रुपवर सरळ लिहावं लागतं की यंदा पेट्या कमी, दर जास्त. काही जण सोडून जातात. दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावावर स्वस्तात मिळतोच. २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी ते थांबलं नाही, म्हणून २०२५ च्या हंगामात इथल्या उत्पादक संस्थेने फळावर वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले. गोड बोलून विश्वास मिळाला असता तर स्टिकर लावत बसलो नसतो.

शब्दांकिता (धागाकर्ती)

आंबेमोहोर, 'मला उपयोग होतो म्हणून मी तो मागून घेतो' हे तुमचं वाक्य मी उद्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे तक्रार म्हणजे पोस्टखालची घाण. ती झाकायची असते, सेंटिमेंट, म्हणजे लोक ब्रँडबद्दल किती चांगलं बोलतात त्याचा आकडा, खाली जायला नको म्हणून.

पण मग प्रश्न आकाराचा होतो का? तुमच्याकडे मालक, विक्रेता आणि उत्तर देणारा एकच. कंपनी मोठी झाली की हे तीन वेगळे होणारच.

दादर_फास्ट

आकाराचा प्रश्न असेल तर भारतीय रेल्वेहून मोठं काय आहे? सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असतानाचा काळ आठवा, नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७. धावत्या गाडीतून ट्वीट करायचं आणि पुढच्या स्टेशनवर मदत हजर. बाळाला दूध, आजाऱ्याला डॉक्टर, त्रास देणाऱ्यासाठी आरपीएफ. हे घडलं कारण ट्वीट वाचणारा माणूस थेट त्या विभागाच्या कंट्रोलला कळवू शकत होता आणि तिथून स्टेशनवरचा माणूस हलत होता. मंत्र्याचं लक्ष आहे हे खाली सगळ्यांना ठाऊक होतं. शब्दांकिताच्या अधिकाराच्या मुद्द्याला याहून मोठा दाखला नाही.

त्यातली सल मात्र सांगतो. त्याच गाडीत जनरलच्या डब्यात उभा असलेला माणूस ट्विटरवर नव्हता. त्याचंही बाळ रडत होतं. आज १३९ नंबर आहे, रेल मदद आहे, तिथे साधा फोनवालाही पोचतो, ते मला जास्त न्याय्य वाटतं. खासगी कंपन्यांचं तर विचारूच नका. मराठीत तक्रार लिहिली की उत्तर हिंदीत नाहीतर इंग्रजीत येतं, आणि गुढीपाडव्याला त्यांची पोस्ट शुद्ध मराठीत असते.

ग्राहक_कार्यकर्ती

उशिरा लिहितेय, पण एक उदाहरण राहिलंय आणि ते शब्दांकिताच्या मांडणीला थेट धक्का देतं.

६ ऑक्टोबर २०२४. विनोदवीर कुणाल कामरा यांनी सर्व्हिस सेंटरबाहेर धूळ खात पडलेल्या ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरचा फोटो टाकला आणि ग्राहकांना असं वागवणं योग्य आहे का असं विचारलं. उत्तर द्यायला आले कंपनीचे संस्थापक भाविश अग्रवाल स्वतः. मध्ये ओआरएम नाही, तयार फाइल नाही, मंजुरी नाही. कंपनीतला सगळ्यात जास्त अधिकार असलेला माणूस, स्वतःच्या शब्दांत. आणि त्यांनी काय केलं, तर समोरच्याच्या करिअरवर टोमणा मारला, इतकी काळजी आहे तर येऊन मदत कर, पैसे देतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेअर ८ टक्क्यांहून जास्त पडला. त्याच आठवड्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस गेली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के सोडवल्या असं कंपनीने कळवलं.

अधिकार होता, माणूस खरा होता, बोलणं मनापासूनचं होतं. फोटोतल्या स्कूटरचे मालक मात्र त्या संवादात कुठेच नव्हते. तेव्हा नुसत्या अधिकाराने भागत नाही. आंबेमोहोर यांना साका कळल्याशिवाय पुढचा हंगाम नीट जाणार नाही, म्हणून ते ऐकतात. ज्याचं तुमच्यावाचून अडत नाही त्याच्याकडून ऐकण्याची अपेक्षा मी तरी ठेवत नाही. त्याचं अडेल अशी व्यवस्था आपण करायची.

ती व्यवस्था आहे. पोस्टखाली लिहा, जरूर लिहा, पण त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवा आणि डॉकेट (तक्रार) नंबर घ्या. नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय बंगळूरला असो नाहीतर गुरुग्रामला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत असते. डीएममधल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, ते पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

आणि 'सोशल' व्यापार म्हणजे काय हे बघायचं असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे बघा. १९७५ पासून शेजारी-शेजारी मिळून संघ करतात, महिन्याच्या मालाची मागणी एकत्र नोंदवतात, माल येतो तो आपसात वाटून घेतात. हिशेबही सभासदच लिहितात. ज्या घरात वाटप असतं तिथे त्या दिवशी चहा टाकलेला असतो. मी लहानपणापासून त्यात वाढले, त्यामुळे विकणाऱ्याने माझ्याशी गप्पा माराव्यात अशी गरजच मला कधी वाटली नाही.

काउंटर_तीन

बँकेत नोकरी करतो. वरच्या प्रतिसादातला 'पोस्टखाली लिहा' हा सल्ला बँकांच्या बाबतीत फार जपून घ्या.

तुम्ही बँकेला टॅग करून 'पैसे कापले गेले, मिळाले नाहीत' असं लिहिता. काही मिनिटांत बँकेचाच लोगो असलेलं एक खातं उत्तर देतं, अगदी अदबीने, खाली मोबाइल नंबर. फोन लावलात की लिंक येते, नाहीतर तुमचा फोन दुरून चालवू देणारं एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगतात, आणि खातं रिकामं होतं. हे चोर तक्रारी शोधतच बसलेले असतात. आमच्या काउंटरवर अशी माणसं येतात. निवृत्तीचे पैसे गेलेले असतात आणि ते सारखं एकच सांगतात, 'तो किती चांगलं बोलत होता हो.' बँकेच्या खऱ्या हँडलपेक्षा चोर लवकर आणि आपुलकीने उत्तर देतो, हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे.

बँक ओटीपी, पिन, कार्डचा सीव्हीव्ही कधीच मागत नाही. फसलातच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, ताबडतोब फोन करा, आपल्या बँकेलाही लगेच कळवा. बँकेविरुद्धच तक्रार असेल तर आधी लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

हिरवा_चाफा

काउंटर_तीन, हे वेगळा धागा काढून लिहा, कृपया. आईला आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवायचंय.

पलीकडची_खुर्ची

शब्दांकिताताई, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत, ती 'दुसऱ्या शहरातली टीम' म्हणजे मी. नागपुरात ओआरएमचं काम करते. कंपन्यांची नावं लिहू शकत नाही.

आम्हाला सगळं दिसतं. रात्रपाळीत आलेली मुलगी एका शिव्यांच्या मेसेजनंतर दुसरा उघडते आणि तिलाही कळत असतं की समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये. डॅशबोर्डवर तक्रारींचा क्रम लागतो, त्यात फॉलोअर जास्त असलेला वर येतो. दादर_फास्ट म्हणतात तो जनरल डबा आमच्याकडेही आहे. पंधरा फॉलोअरवाल्याला उत्तर मिळतं ते टॅट (उत्तर देण्याची ठरलेली वेळ) पाळण्यापुरतं.

एका कंपनीने मात्र वेगळं केलं होतं. ठरावीक रकमेपर्यंत कुणाला न विचारता परतावा द्यायचा अधिकार त्यांनी आमच्या शिफ्टला दिला आणि त्यांच्या सर्व्हिसच्या सिस्टिमचं लॉगिनही दिलं, त्यामुळे तक्रार बंद झाली की उघडी आहे ते आम्हाला दिसायचं. पहिल्यांदा आम्ही घाबरत वापरला. मग कामाचा पोतच बदलला. दिलगिरीची वाक्यं आपोआप गळून गेली, कारण 'पैसे पाठवलेत, संध्याकाळपर्यंत दिसतील' असं लिहिता येत होतं. लोक परत येऊन 'मिळाले' असं कळवायचे. एक जण तर मुलीचा निकाल सांगायला आला होता. ती दोस्ती म्हणावी की नाही ते मला ठाऊक नाही, पण शिफ्ट संपल्यावर मी घरी हलकी जायचे.

शब्दांकिता (धागाकर्ती)

पलीकडची_खुर्ची, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. एक सांगाल? तो अधिकार कुणाच्या सांगण्यावरून मिळाला होता, मार्केटिंगच्या? आणि अजून चालू आहे का?

पलीकडची_खुर्ची

मार्केटिंगच्या नाही. सर्व्हिस विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या, त्यांनी भांडून मिळवला. पैसेही त्यांच्याच बजेटमधून जायचे, म्हणून कुठल्या गावातून, कुठल्या पार्टच्या तक्रारी येतात त्याची यादी त्या दर सोमवारी आमच्याकडून घ्यायच्या आणि वर्कशॉपला पाठवायच्या. त्या नोकरी सोडून गेल्यावर कंत्राट मार्केटिंगकडे आलं. लॉगिन बंद झालं. आता पुन्हा डीएम मागतो.

तुमच्या क्लायंटला रकाना वाढवायला सांगणार असाल तर 'तक्रार सुटली का' एवढाच नका मागू. 'कुणी सुटली म्हटलं, ग्राहकाने की कंपनीने' हाही मागा. कंपनीच्या सिस्टिममध्ये तीनदा फोन उचलला नाही की तक्रार आपोआप 'सुटलेली' दिसते.